विचारपूस

आमच्या घरात अकरा वर्षं ‘पाठ धरली आहे’ असं सांगत होते. दिवाळीला पाहुणे आले की काकू आतल्या खोलीत असे. कुणी चौकशी केलीच, तर काका घाईघाईनं म्हणत, ‘तिची पाठ धरलीय.’ पाहुणे हळहळत, एखादं तेल सुचवत, फराळ संपवून निघून जात. पाठीला काही झालेलं नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. ती सकाळी उठून अंथरुणावर बसे आणि दुपारपर्यंत तशीच बसून राही. केस विंचरणं, घोटभर पाणी पिणं, एवढंही तिला डोंगराएवढं होई. एकेकाळी सगळ्या आळीत जिच्या काटेरी चकल्या वाखाणल्या जात, ती भाजणीचा डबा उघडल्याचा वास आला तरी रडायला लागे. आम्हा मुलांना त्या खोलीत जायची मनाई होती. त्या मनाईत दुष्टपणा नव्हता, घरातली मोठी माणसं घाबरलेली होती.

त्या खोलीत न विचारता जाणारी एकच व्यक्ती होती, शेजारच्या आजी. दुपारची जेवणं आटोपली की त्या कापूस घेऊन येत, काकूच्या शेजारी भिंतीला टेकून बसत आणि वाती वळत. ‘कशी आहेस’ हेसुद्धा विचारत नसत. कधी कापसाचा एखादा पुंजका तिच्या मांडीवर ठेवत. ती कधी एखादी वात वळे, बहुतेकदा वळत नसे. तास-दीड तासानं आजी गुडघ्यावर हात टेकून उठत आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा येत.

यंदाच्या अंकाचा विषय ठरवायला आम्ही बसलो, तेव्हा कागदावर ‘मानसिक आरोग्य आणि नातेसंबंध’ असं भारदस्त शीर्षक लिहिलेलं होतं. ते वाचताना मला त्या आजी दिसत राहिल्या. म्हणून मुखपृष्ठावर एकच शब्द घेतला: विचारपूस. मराठीत पुसणं म्हणजे विचारणं, आणि डोळे पुसतात तेही पुसणंच.

या बाबतीत आपली भाषा काही ठिकाणी फार श्रीमंत आहे आणि काही ठिकाणी फार निष्ठुर. नाटकाचं वेड, गडकिल्ल्यांचं वेड असं आपण कौतुकानं म्हणतो. तोच शब्द आजारी माणसावर चिकटला, की त्याच्या बहिणीचं लग्न अडतं. ठाणे आणि येरवडा इथे सरकारी मनोरुग्णालयं आहेत. पण ‘ह्याला ठाण्याला पाठवा’, ‘येरवड्याला नेऊन सोडा’ हे वाक्य शाळेच्या वर्गात ज्यानं कधी ऐकलं नाही, असा मराठी माणूस विरळा. गावाचं नावच शिवी झाल्यावर उपचारासाठी तिथे गेलेल्यांच्या घरच्यांनी शेजाऱ्यांना काय सांगायचं? ते मग पाठदुखी सांगतात.

याच भाषेत कुणीतरी मन लावून दुसरे शब्दही घडवले. डॉ. जगन्नाथ वाणी कॅनडात कॅलगरी विद्यापीठात प्राध्यापक होते. पत्नीचा स्किझोफ्रेनिया त्यांनी घरात पाहिला, सोसला. त्या अनुभवातून त्यांनी १९९७ मध्ये पुण्यात ‘स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन’ ही संस्था सुरू केली. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा २००४ चा ‘देवराई’ हा चित्रपटही त्यांच्या पाठबळामुळे उभा राहिला. या संस्थेच्या परिवारात आजारी माणसाला ‘शुभार्थी’ म्हणतात आणि त्याला सांभाळणाऱ्याला ‘शुभंकर’. या दोन शब्दांवर माझा फार जीव आहे. एक तर त्यात रुग्ण हा शब्दच नाही. आणि दुसरं म्हणजे, सांभाळणाऱ्यालाही त्यात स्वतःचं नाव आहे. आमच्या काकांना तसं नाव कधी मिळालं नाही. रात्र-रात्र जागून सकाळी आठ-वीसची लोकल पकडणारा तो माणूस कसा आहे, हे अकरा वर्षांत कुणी विचारलं नाही. मीही नाही.

आजार किती जणांना असतो? २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १०.६ टक्के प्रौढांमध्ये त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक विकार आढळला होता. म्हणजे दहांत एक. भाऊबिजेच्या पंगतीला वीस माणसं बसली असतील, तर मनातल्या मनात मोजून पाहा. यातल्या बहुतेकांपर्यंत उपचार पोचत नाहीत. डॉक्टर कमी आहेत हे खरंच. पण मला अमरावती जिल्ह्यातल्या खेड्यांमध्ये झालेलं एक काम सांगायचं आहे. ‘विश्राम’ हे त्याचं नाव. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी पोळलेल्या विदर्भात या प्रकल्पानं आजाराचं पुस्तकी नाव दारात नेलं नाही, ताणाबद्दल बोलायला सुरुवात केली. ‘झोप लागत नाही’, ‘जीव घाबरा होतो’, ‘कशात मन लागत नाही’ हे गावातल्या बाईला सांगता येतं. घरोघरी जाऊन ते ऐकणारी माणसं त्याच भागातली होती. त्यांना प्रशिक्षण दिलं होतं आणि गरज पडेल तेव्हा मनोविकारतज्ज्ञ मागे उभे होते. दीड वर्षात, नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. हा अभ्यास २०१७ मध्ये ‘द लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री’त प्रसिद्ध झाला. तरीही शंभरातले सत्तरहून अधिक बाहेरच राहिले, हे विसरता येत नाही.

दिवाळीचे दिवस आपण नात्यांना वाटून दिले आहेत. वसुबारस गायवासराची, पाडवा नवरा-बायकोचा, भाऊबीज बहीण-भावाची. भाऊ नसेल तिनं चंद्राला ओवाळावं, अशी सोय जुन्या बायकांनी करून ठेवली, आणि मला ती फार मोठ्या मनाची वाटते. पण भाऊ असूनही चंद्राला ओवाळणाऱ्या बहिणी मी पाहिल्या आहेत. हक्कसोडपत्रावर सही केली नाही, म्हणून त्यांचं माहेर तुटलं. पाडव्याला हातावरचे वळ पदराखाली झाकून नवऱ्याला ओवाळणारी बाईही पाहिली आहे. तिला ‘निभावून ने’ म्हणून सांगणाऱ्यांचा मला राग येतो, आणि तो लपवावा असं वाटत नाही. नातं जपणं म्हणजे त्यात जीव गुदमरू देणं नव्हे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यानं टोमणे, अपमान, मानसिक छळ हीसुद्धा हिंसाच मानली आहे. काही नात्यांपासून चार पावलं लांब राहणं हाच आरोग्याचा मार्ग असतो, आणि तसं राहणाऱ्या माणसाला सणाच्या दिवशी घरात बोलावणं हे आपलं, बाहेरच्यांचं काम असतं.

एक भीती मात्र मोडायला हवी. खचलेल्या माणसाला ‘जीव द्यावासा वाटतो का’ असं सरळ विचारलं, तर त्याच्या डोक्यात तो विचार आपणच घालू, असं अनेकांना वाटतं. तसं होत नाही. प्रेमानं, थेट विचारल्यावर बहुतेकांना सुटल्यासारखं वाटतं. विचारा, उत्तर येईपर्यंत थांबा, आणि त्याला एकटं सोडू नका. १४४१६ हा ‘टेलि-मानस’चा क्रमांक घरातल्या सगळ्यांच्या फोनमध्ये असू द्या. १० ऑक्टोबर २०२२ पासून ही सरकारी सेवा सुरू आहे, मोफत, दिवसरात्र, आणि तिथे मराठीतून बोलता येतं. न्यू जर्सीतल्या लेकाला व्हिडिओ कॉलवर ‘आम्ही अगदी मजेत’ म्हणणाऱ्या पुण्यातल्या आईबाबांसाठीही तो आहे.

या अंकात शुभंकरांच्या रोजनिशा आहेत, नव्या कथा-कविता आहेत, आणि एक दीर्घ रिपोर्ताज आहे. तो तयार करायला आमच्या सहकाऱ्यांना वर्ष लागलं, कारण माणसं बोलायला तयार होईपर्यंत त्यांच्या ओट्यावर नुसतं बसावं लागलं.

काकूला अखेर तिच्या सुनेनं मनोविकारतज्ज्ञांकडे नेलं. गोळ्या सुरू झाल्या, एकदा मध्येच बंद केल्या, पुन्हा कोसळली, पुन्हा सुरू झाल्या. पूर्वीची काकू पूर्ण परत आली असं म्हणता येणार नाही. पण ती गॅसपाशी उभी राहू लागली, भाजणीत मोहन किती घालायचं यावरून सुनेशी वाद घालू लागली. आज ती अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. हे संपादकीय छापण्याआधी मी तिला वाचून दाखवलं आणि तुझ्याबद्दल लिहिलेलं चालेल का, असं विचारलं. बराच वेळ ती काही बोलली नाही.

‘छाप गं,’ मग म्हणाली. ‘तेवढं एक चुकलंय. पाठ दुखायची माझी. रोज दुखायची. कुणी नुसती चोळून दिली असती, तरी बरं वाटलं असतं.’