प्रश्नावलीत नसलेली म्हैस

अलीकडे आपल्या सीमाभागातील पदव्युत्तर विद्यार्थी प्रबंधासाठी गुणात्मक संशोधनाकडे वळू लागले आहेत, ही समाधानाची गोष्ट आहे. मात्र त्यांच्यापैकी काहींनी रुग्णांच्या मुलाखतींसाठी तयार केलेले प्रश्न वाचताना मला माझीच जुनी चूक आठवली. ती येथे मांडणे उपयुक्त ठरावे.

अर्धसंरचित मुलाखतीत विषय आधी ठरलेले असतात. प्रश्नांचा क्रम आणि उपप्रश्न मात्र समोरच्याच्या बोलण्यावर सोडायचे असतात. आम्हा डॉक्टरांना नेमके हेच जड जाते, कारण हिस्ट्री घेताना आमचे मन निदानाकडे धावत असते. १९८४ साली बेकमन आणि फ्रँकेल यांनी अमेरिकेतील ७४ भेटींच्या ध्वनिमुद्रणांचा अभ्यास केला. रुग्ण आपली तक्रार सांगू लागल्यावर सरासरी १८ सेकंदांत डॉक्टरांनी त्याला मध्येच थांबविल्याचे त्यांना आढळले. (आपल्या ओपीडीतील गर्दी पाहता १८ सेकंद म्हणजे चैनच म्हणायची!)

क्षयाचा उपचार अर्धवट सोडणाऱ्यांशी बोलण्यासाठी मी पंचवीस प्रश्न काढले होते. गोळ्यांनी मळमळ होत होती का? दवाखाना लांब पडत होता का? बरे वाटू लागले म्हणून सोडल्या का? पहिल्या चौघांनी यांपैकी कशाला ना कशाला ‘होय’ म्हटले आणि मी निश्चिंत झालो. पाचवे होते खानापूर तालुक्यातील एक वयस्क शेतमजूर. मुलाखत संपवून टेप बंद केल्यावर मी सहज म्हणालो, “मामा, गोळ्या चालू असताना दिवस कसा जायचा, सकाळपासून सांगा बघू.” ते म्हणाले, “गोळ्या लई उष्ण, डाक्टर. दुधाबगर घेतल्या की आतडी जळत्यात म्हंत्यात. म्हस आटली, मग गोळ्याबी बंद केल्या.”

माझ्या पंचवीस प्रश्नांत म्हैस कोठेही नव्हती. त्यांची परवानगी घेऊन मी ते लिहून घेतले आणि पहिल्या चौघांकडे पुन्हा गेलो. त्यांतील दोघांच्या बोलण्यात दूध आले.

म्हणून माझे मत असे की, मुलाखतीची तयारी ही मुख्यतः प्रश्न खोडण्याची तयारी आहे. ज्या प्रश्नात आपले उत्तर दडले आहे, तो काढून टाकावा. आर्थर क्लाइनमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ साली सुचविलेले प्रश्न या दृष्टीने अभ्यासण्यासारखे आहेत. आपले दुखणे कशामुळे झाले असे रुग्णाला स्वतःला वाटते, त्याला सर्वांत जास्त भीती कशाची आहे, हे ते विचारतात.

भाषेचा प्रश्न आपल्याकडे अधिकच नाजूक. एकाच वॉर्डात मराठी, कन्नड, कोकणी आणि उर्दू बोलणारे रुग्ण असतात. इंग्रजी आराखड्यातील ‘स्टिग्मा’चा ‘कलंक’ केला की प्रश्नच आरोप होऊन बसतो. त्यापेक्षा ‘घरात कोणाकोणाला सांगितलेत आणि कोणाला नाही?’ असे विचारावे. उत्तर कानडीत ‘जड्डू’ या शब्दाने आले, तर पुढच्या प्रश्नात तोच शब्द वापरावा. दोन-तीन जणांवर प्रश्न आधी पारखून घेतले की असे अडथळे आपोआप दिसतात.

आणखी एक आग्रह, जो काही सहकाऱ्यांना रुचत नाही: आपल्याच रुग्णाची मुलाखत आपण घेऊ नये. ओळखीच्या डॉक्टरांजवळ रुग्ण मोकळा होतो, असे ते म्हणतात. आजाराबद्दल होतोही, पण आपणच दिलेली औषधे त्याने का सोडली, याबद्दल होत नाही. शिवाय ज्याच्या हाती उपचार आहेत, त्याला संमती नाकारणे रुग्णाला कितपत शक्य आहे?

माझ्या मार्गदर्शिकेत आता आठच विषय उरले आहेत. सुरुवातीचा प्रश्न मामांना विचारला होता तोच आहे, आणि तो टेप सुरू असताना विचारला जातो.