‘बाकी सर्व’ लिहिण्यापूर्वी

समजा, पदार्थाच्या अवस्थेनुसार उत्तर देणारी आज्ञावली तुम्हांला लिहायची आहे. घन, द्रव आणि वायू असे तीन नमुने एकाखाली एक मांडायचे, प्रत्येकापुढे काय करायचे ते लिहायचे. आलेली माहिती कोणत्या नमुन्याशी जुळते ते संगणक पाहतो. हीच नमुना-जुळणी. पायथन भाषेत ही सोय २०२१ मध्ये ३.१० या आवृत्तीत आली; रस्ट भाषेत ती २०१५ च्या पहिल्या स्थिर आवृत्तीपासूनच आहे.

आता अवस्थांच्या यादीत प्लाझ्माची भर घाला, पण नमुना लिहायला विसरा. पायथनची आज्ञावली चालेल. प्लाझ्मा आला की एकही नमुना जुळणार नाही आणि ती मुकाट्याने पुढे जाईल. रस्टचा कंपायलर मात्र प्लाझ्मा राहिल्याचे सांगून आज्ञावली तयार करण्यासच नकार देईल.

ही अडवणूक कित्येकांना जाचक वाटते. मला ती मोलाची वाटते. दिसणारी चूक सुधारता येते. मुकी चूक चुकीचे उत्तर देत राहते.

मात्र एक पळवाट आहे. शेवटच्या नमुन्याच्या जागी नुसती अधोरेषा लिहिली की तिचा अर्थ ‘बाकी सर्व’ होतो आणि रस्टचा कंपायलरही गप्प बसतो. संख्यांसारख्या अगणित शक्यता असतील तेथे ती हवीच. पण अवस्था चारच असतील, तर चारही नावे लिहा. भूमितीच्या सिद्धतेत आपण एकही शक्यता सोडत नाही. मग येथेच का सोडावी?