ताफा उतरतो पहाटे तीनला

मुलाच्या खांद्यावरून संगणकाच्या पडद्याकडे डोकावणाऱ्या आईवडिलांना बंदुका, रक्त, आरडाओरडा यांपैकी काहीच दिसले नाही की त्यांचा जीव भांड्यात पडतो. समोर नुसते तक्ते असतात. धातू इतका, स्फटिक इतके, इंधन इतके. खाणीची पुढची पातळी पूर्ण व्हायला चार तास बारा मिनिटे. हिशेबाच्या वहीसारखे दिसणारे हे पान म्हणजे अंतराळातली साम्राज्ये जिंकण्याचा खेळ आहे, हे सांगूनही पटत नाही. ‘निदान पबजी तरी नाही’ एवढ्यावर विषय मिटतो. चित्रांचे खेळ घातक आणि मजकुराचे खेळ निरुपद्रवी, ही समजूत मात्र तपासून पाहायला हवी. झोपेच्या बाबतीत तर ती उलटीसुद्धा ठरू शकते.

अंतराळयुद्धाचा मजकुरी खेळ ही काही आजची गोष्ट नाही. १९७१ साली कॅलिफोर्नियात माइक मेफील्ड या शाळकरी मुलाने विद्यापीठाच्या संगणकावर ‘स्टार ट्रेक’ नावाचा खेळ लिहिला. चित्र असे नव्हतेच. तारा म्हणजे एक फुली, शत्रूचे यान म्हणजे एक अक्षर. पुढे सुधारून ‘सुपर स्टार ट्रेक’ झालेला हा खेळ डेव्हिड आल यांच्या बेसिक भाषेतल्या खेळांच्या पुस्तकात १९७८ साली छापून आला आणि जगभरच्या हौशी मंडळींनी तो ओळीमागून ओळ टंकून आपापल्या यंत्रांवर चढवला. आठ गुणिले आठ चौकटींची आकाशगंगा, तीन हजार एकक ऊर्जा, दहा टॉर्पेडो. आकाशाच्या भागांना दिलेली नावे तर आपल्या ओळखीची निघतात: अंटारेस म्हणजे ज्येष्ठा, व्हेगा म्हणजे अभिजित, स्पायका म्हणजे चित्रा, आर्क्ट्युरस म्हणजे स्वाती. पंचांग पाहणाऱ्या आजोबांनाही नातवाबरोबर खेळता यावा असा हा खेळ.

त्याचा एक गुण तेव्हा कोणाच्या लक्षातही आला नसेल. खेळातली तारीख पुढे सरकायची ती खेळाडूने यान हलवले की. तो जेवायला गेला, झोपला, गावाला जाऊन आला, तरी शत्रूचे यान जिथल्या तिथे थांबून राहायचे. बुद्धिबळाचा पट मांडून ठेवावा तसे.

२००२ साली जर्मनीत सुरू झालेल्या ‘ओगेम’ने नेमका हाच गुण काढून टाकला. ब्राउझरमध्ये चालणारा हा खेळ त्या जातीतला सर्वांत नावाजलेला, आणि त्याच्या धर्तीवर पुढे अनेक निघाले. त्यातले विश्व चोवीस तास चालते. खाणीतून धातू निघत राहतो, जहाजे बांधली जात राहतात, आणि खेळाडू झोपलेला असला तरी त्याच्या ग्रहावर हल्ला होऊ शकतो. एका यशस्वी हल्ल्यात ग्रहावरच्या साठ्यातला निम्म्यापर्यंत माल लुटला जाऊ शकतो. जहाजे फुटली तर त्यांचा भंगार अवकाशात तरंगत राहतो आणि तोही हल्लेखोरच गोळा करून नेतो. महिनाभर जमवलेला ताफा एका रात्रीत जातो. खेळातली मालमत्ता खोटी, हे खरे. पण ती जमवायला घातलेला महिना खरा असतो, आणि सकाळी उठून रिकामा तक्ता पाहणाऱ्याच्या पोटात पडणारा खड्डाही खरा.

यावर खेळाडूंनी तोड काढली, तिला ते ‘फ्लीट-सेव्ह’ म्हणतात. उडत्या ताफ्यावर हल्ला करता येत नाही. मग झोपण्याआधी सगळी जहाजे, जमेल तेवढा माल भरून, मुद्दाम मंद वेगाने कुठेतरी दूर धाडायची आणि आपण जागे होऊ तेव्हा ती परत येतील असा हिशेब जमवायचा. युक्ती झकास आहे. अडचण एवढीच, की ताफा उतरतो त्या क्षणी खेळाडू हजर हवा. टपून बसलेला शत्रू तेवढ्याच काही सेकंदांची वाट पाहत असतो. म्हणजे गजर लावणे आले. रात्री सातनंतर अभ्यासाला बसलेला, साडेअकराला पडलेला आणि पाच तासांची फेरी परवडणारा विद्यार्थी साडेचारचा गजर लावतो. इंधन कमी असेल तर फेरी आखूड, आणि गजर तीनचा.

पुण्यातल्या खेळाडूच्या वाट्याला आणखी एक भर येते. युरोपातल्या मंडळींबरोबर खेळायचे ठरवले तर जर्मनीत रात्रीचे आठ ते अकरा, म्हणजे जेवणे आटोपून लोक खेळायला बसतात ती वेळ, हिवाळ्यात आपल्याकडे साडेबारा ते साडेतीन असते. युद्ध पेटते ते नेमके आपल्या गाढ झोपेच्या वेळी. दुपारी एक ते चार दुकान बंद ठेवण्याचा हक्क पिढ्यान्‌पिढ्या राखणाऱ्या शहरातल्या तरुणाने रात्रीची झोप परक्या घड्याळाला वाहून टाकावी, हा विनोद अंमळ कडवटच आहे.

गाढ झोप मुख्यतः रात्रीच्या पहिल्या तृतीयांशात मिळते, स्वप्नांची झोप पहाटेकडे वाढत जाते. तीनला उठून दहा मिनिटांत परत आडवे झाले तर फक्त दहा मिनिटे गेली, असे खेळाडूला वाटते. पण मेंदू दिव्यासारखा बटण दाबून चालू-बंद होत नाही. उठल्यावर काही काळ जडपणा असतो, त्या जडपणात लढाईचे निर्णय घ्यावे लागतात, आणि ताफा बुडाला असेल तर नंतर झोप कुठली लागायला? प्रौढांना सात तासांहून कमी आणि तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना आठ तासांहून कमी झोप पुरत नाही, असे झोपेच्या तज्ज्ञांचे मत आहे.

त्याहून महत्त्वाची गोष्ट गजर वाजण्याआधीची आहे. स्वीडनमधल्या संशोधकांनी १९८८ साली जहाजांवरच्या अभियंत्यांच्या झोपेचा अभ्यास प्रसिद्ध केला. इंजिनात बिघाड झाला तर घंटा वाजेल आणि उठावे लागेल, अशा रात्री त्यांची झोप उथळ होत होती; तीही घंटा वाजण्यापूर्वीच. आपल्याला बोलावणे येऊ शकते, ही नुसती जाणीव झोप पातळ करायला पुरेशी होती. रात्रपाळीच्या निवासी डॉक्टरांना आणि तान्ह्या बाळाच्या आईला हे वेगळे सांगायला नको. ओगेमचा खेळाडू स्वखुशीने, कोणत्याही पगाराविना, अशा कॉल ड्युटीवर असतो. खेळाचे तास मोजले तर ते दिवसाला एक-दीडच्या पुढे जाणार नाहीत. पालकांचा मोबाइलवरचा ‘स्क्रीन टाइम’ हिरवाच दिसेल.

अशा तुटपुंज्या झोपेची एक खोड असते. ती झालेले नुकसान दिसू देत नाही. २००३ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात निरोगी माणसांना सलग चौदा दिवस रोज सहाच तास झोपू दिले. अखेरीस त्यांची सावधानता आणि आकलन एक-दोन रात्री अजिबात न झोपलेल्या माणसांइतके घसरले होते. त्यांना स्वतःला मात्र आपण फारसे पेंगुळलेलो नाही असेच वाटत होते. ‘मला सवय झालीय’ हे वाक्य म्हणूनच काळजीचे आहे. हा सवय झालेला मुलगा सकाळी सातला दुचाकीला किक मारून स्वारगेट किंवा कर्वे रस्त्याच्या गर्दीत शिरतो, तेव्हा पणाला लागलेली गोष्ट खेळातली राहत नाही.

पुण्यापासून ऐंशी किलोमीटरवर, नारायणगावजवळच्या खोडद परिसरात, आकाश चोवीस तास पाहणारी एक खरीखुरी यंत्रणा आहे. जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या रात्रंदिवस चालतात. तिथेही पडद्यावर आधी येतात ते आकडेच, सुंदर चित्र बऱ्याच नंतर. पण तिथे पाळ्या असतात. एक चालक उठतो, दुसरा बसतो. चोवीस तास चालणारी कोणतीही गोष्ट माणसांनी अशीच चालवायची असते: रुग्णालय, रेल्वे, वीज केंद्र. खेळाने विश्व चोवीस तासांचे ठेवले आणि चालक एकच नेमला, इथे खरी मेख आहे.

या खेळांची बाजूही ऐकली पाहिजे. त्यात बेरजा-वजाबाक्या आहेत, आठवडाभराचे नियोजन आहे, संयम आहे. व्यूहात्मक खेळांचा मेंदूला उपयोग होतो का, यावर संशोधनही झाले आहे. साठी-सत्तरीतल्या मंडळींना असा एक खेळ सुमारे साडेतेवीस तास खेळायला दिल्यावर एकाच वेळी अनेक कामे सांभाळण्याची त्यांची क्षमता सुधारल्याचे २००८ साली अमेरिकी संशोधकांना आढळले. तो खेळ चित्रांचा होता आणि सहभागी थोडेच होते, त्यामुळे त्यावर इमले बांधू नयेत. तरी ‘वेळेची नासाडी’ हा सरसकट शेरा अन्यायाचा आहे, एवढे नक्की. कसलेल्या खेळाडूंपैकी शहाणे लोक फेरी आठ तासांचीच लावतात आणि ठरल्या वेळी निवांत उठतात. त्यांच्या बाबतीत तोच नियम उलट झोपेची शिस्त लावतो. हे जमत नाही ते बहुधा सोळा ते बावीस वयाच्यांना, कारण त्यांना उशिरा झोपायचे असते आणि कॉलेज सकाळचे असते.

म्हणून या मुलांवर आजाराचा शिक्का मारायची घाई नको. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात ‘गेमिंग डिसऑर्डर’ आहे. ते वर्गीकरण जानेवारी २०२२ पासून लागू झाले. पण त्यासाठी खेळण्यावरचा ताबा सुटणे, बाकी सगळ्याच्या आधी खेळ येणे आणि नुकसान दिसत असूनही खेळणे चालूच राहणे, हे साधारण बारा महिने दिसावे लागते. तसे असेल तर मानसोपचारतज्ज्ञच गाठावा. बंगळूरच्या निम्हान्समध्ये अशा तक्रारींसाठी २०१४ पासून वेगळे क्लिनिक आहे. तीनचा गजर लावणारी बहुतेक मुले या व्याख्येत बसणार नाहीत. ती फक्त अर्धवट झोपलेली असतात. आणि अर्धवट झोपलेल्या मुलाची चिडचिड, विसराळूपणा, घसरलेले गुण यांचे खापर आळसावर फोडले जाते. कायद्याकडूनही इथे काही अपेक्षा नको: ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेला ऑनलाइन गेमिंगचा कायदा पैसे लावून खेळायच्या खेळांवर बंदी घालतो, झोप लावून खेळायच्या नव्हे.

‘किती तास खेळतोस?’ हा पालकांचा आणि फॅमिली डॉक्टरांचाही ठरलेला प्रश्न आहे. त्याऐवजी ‘तू झोपलास तर खेळ थांबतो का?’ असे विचारावे. थांबत असेल, तर खेळ मजकुराचा की चित्रांचा, याने झोपेला फार फरक पडत नाही. थांबत नसेल, तर गजर कितीचा लावतोस, गेल्या आठवड्यात किती वेळा लावलास, तो वाजायच्या आधीच जाग येते का, हे विचारावे. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ आले, तर थकव्याचे कारण शोधण्यासाठी रक्ताच्या तपासण्यांची यादी लिहिण्याआधी डॉक्टरांनी दोन आठवड्यांची झोपेची नोंद मागावी.

घरी फोन हिसकावून घेण्याचा फायदा नाही; ताफा उतरायच्या वेळी फोन नसलेला मुलगा शांत झोपत नाही, तो छताकडे बघत पडून राहतो. त्यापेक्षा खेळातलीच सोय वापरायला सांगावी. ओगेममध्ये ‘सुट्टी’चे बटण आहे. ते दाबले की ग्रहांवर हल्ला होत नाही, पण खाणीही बंद पडतात आणि किमान दोन दिवस परत फिरता येत नाही. परीक्षेच्या आठवड्यात ते बटण दाबायला मुलगा तयार होतो की दोन दिवसांच्या धातूसाठी कां-कूं करतो, हे त्याच्या शेजारी बसून, न रागावता, एकदा पाहून घ्यावे.