फसलेला तास आणि दुसरें लुगडें

वर्गांतील एकादा तास फसला, म्हणजे त्याचा न्यायनिवाडा करावयास आपल्याकडे दोन पक्ष सदैव सिद्ध असतात. एक म्हणतो, 'मुलेंच दगड, मास्तर काय करणार?' दुसरा म्हणतो, 'ज्याला वर्ग आवरत नाहीं त्यानें खडू हातीं धरूंच नये.' आमच्या मतें दोन्ही पक्ष सारखेच आळशी आहेत. दोघांनाही आरोपी हवा आहे, कारण शोधण्याचे श्रम कोणासच नकोत.

दुसऱ्या पक्षाचे लोक सावित्रीबाई फुल्यांचें नांव पुढें करतात. अहमदनगरास मिस फॅरर यांच्याजवळ अध्यापनाचे धडे घेतलेल्या या बाईंनीं पुण्यांत १८४८ पासून शेणामातीचा मारा सोसून मुली शिकविल्या. मग आजच्या शिक्षकानें कुरकुर कां करावी? उदाहरण थोर, पण अर्थ उलटा! बाई जातांना एक जादा लुगडें बरोबर नेत व शाळेंत पोंचल्यावर तें नेसून शिकवीत, असें त्यांचे चरित्रकार सांगतात. वाईट दिवस येणार हें त्यांनीं गृहीत धरलें होतें आणि त्याची तरतूद करून ठेविली होती. आम्ही शिक्षकासाठीं मागतों तें एवढेंच दुसरें लुगडें.

पहिल्या पक्षास आम्ही आमच्याच जिल्ह्यांतील नेवाशास नेऊं. शके १२१२ मध्यें तेथें ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. तिच्या नवव्या अध्यायाच्या आरंभीं ज्ञानेश्वर श्रोत्यांजवळ अवधान मागतात. एवढ्या थोर वक्त्यास जें मागावें लागलें, तें आपणांस घंटा वाजतांच आयतें मिळावें, ही अपेक्षा कोणत्या अधिकारानें?

शिवाय पुष्कळदां दोष वर्गाच्या भिंतीबाहेरचा असतो. पाथर्डी तालुक्यांतील ऊसतोडणी कामगार दिवाळीच्या सुमारास कोयते घेऊन गळीत हंगामासाठीं बाहेर पडतात. कांहीं मुलें त्यांच्याबरोबर जातात, तीं उन्हाळ्याच्या तोंडीं परततात. असा मुलगा अपूर्णांकाच्या तासाला खिडकीबाहेर पाहूं लागला, तर तो उद्धटपणा नव्हे; त्याच्या जिन्याच्या मधल्या पायऱ्याच निखळलेल्या असतात. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें शरीरदंडाप्रमाणेंच मानसिक छळही निषिद्ध केला आहे. तरी जिभेची छडी अजून सुटलेली नाहीं.

मग करावें काय? तास हातचा सुटतो आहे असें दिसतांच आवाज न चढवितां पुस्तक मिटावें आणि 'कोठपर्यंत समजलें?' असें विचारावें. सायंकाळीं वहींत दोन ओळी लिहाव्या : कोठें फसलें व कशानें फसलें. दुसऱ्या दिवशीं त्याच ठिकाणाहून, पण निराळ्या उदाहरणानें आरंभ करावा. कालचा राग मात्र उंबऱ्याबाहेर ठेवावा.

मुख्याध्यापकांसही आमचा एक प्रश्न आहे. ज्या शिक्षकखोलींत 'आज माझा तास फसला' हें वाक्य निर्भयपणें उच्चारतां येत नाहीं, तेथील फसलेले तास कमी होतात कीं नुसते दडविले जातात? तपासणीसाठीं पढवून ठेविलेल्या देखण्या पाठापेक्षां त्या दोन ओळींच्या वहीचें मोल आम्ही अधिक मानतों.

आणि पालकहो, मुलानें घरीं येऊन 'आज कांहींच कळलें नाहीं' म्हटलें, तर मास्तरांची निंदा किंवा मुलाची कानउघाडणी करण्यापूर्वीं 'काय कळलें नाहीं?' एवढें विचारा. त्याचें उत्तर चिठ्ठींत लिहून शाळेंत पाठवा. दुसऱ्या दिवशींच्या तासाला त्याहून चांगली सुरुवात मिळणार नाहीं.