मामाजींचा डावा पाय

घरात कुणाला लकवा मारला की पहिले पंधरा दिवस माणसांची वर्दळ असते. डबे येतात, सल्ले येतात. मग सगळे आपापल्या रोवणीला लागतात, आणि घरातली बाई नि तो न हलणारा पाय एवढंच उरतं. त्या पायाविषयी आज लिहिते. त्याच्या बाबतीत माझ्याकडून चुका झाल्या, आणि त्या सगळ्या मायेपोटीच झाल्या.

गेल्या वर्षी आषाढातली गोष्ट. मामाजी, म्हणजे माझे सासरे, पहाटे खाटेवरून उठताना डाव्या अंगावर कलंडले. "पायाला मुंग्या आल्या," म्हणाले. सासूबाईंनी तेल गरम केलं नि आम्ही तासभर पाय चोळत बसलो. शेजारचं कुणी कबुतराच्या रक्ताचा उपाय सांगून गेलं. तो तास आठवला की अजून चुटपुट लागते. मेंदूच्या शिरेत रक्ताची गुठळी अडकली असेल तर ती विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच द्यावं लागतं, आणि त्याआधी सी. टी. स्कॅन करून रक्तस्राव नाही ना, हे पाहावं लागतं. तोंड एकाएकी वाकडं झालं, हात लुळा पडला, बोलणं बोबडं झालं, यातलं एक जरी दिसलं तरी तेलाची वाटी खाली ठेवा नि १०८ ला फोन करा.

दवाखान्यातून घरी आणल्यावर मी पदर खोचला. मामाजींनी पाणी मागायच्या आत पेला तोंडाशी. कूस मी बदलायची, उठवून बसवायचं मी आणि ह्यांनी, दोन्ही बगलांत हात घालून. अर्धा दिवस शाळेत शिकवून यायची नि आल्या आल्या पाय दाबत बसायची. सारा मोहल्ला म्हणे, सून असावी तर अशी! मलाही ऐकून बरं वाटे, खोटं कशाला सांगू?

तीन आठवड्यांनी फिजिओथेरपीची ताई आली. डावं पाऊल खाली झुकून आखडत चाललं होतं, आणि डाव्या खांद्याला मामाजी हात लावू देईनात. तिनं विचारलं, "वहिनी, बाबा दिवसातून स्वतः किती वेळा उठतात?"

"मी असताना त्यांना कशाला उठू देऊ?"

"मग पाय शिकणार कधी?"

बिघाड पायात नसतो, मेंदूत असतो. मेंदूचा जो भाग गेला तो परत येत नाही, पण बाकीचा भाग त्याचं काम थोडंफार उचलू शकतो. मात्र तो शिकतो तेच ते पुन्हा पुन्हा केल्यानं. पहिलीच्या मुलाचा हात धरून सगळी बाराखडी बाईंनीच गिरवली तर मूल काय शिकेल? हे मला वर्गात कळत होतं, घरात कळलं नाही. पहिल्या तीन ते सहा महिन्यांत सुधारणा जास्त वेगानं होते. पुढेही होते, पण हळूहळू. म्हणून वेळ दवडू नये. घाईही नको. २०१५ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात दोन हजारांवर रुग्णांचा अभ्यास आला होता. पहिल्या चोवीस तासांतच फार उठबस करवलेल्यांना त्याचा फायदा न होता उलट तोटा दिसला. सुरुवात कधी करायची, हे डॉक्टरच सांगतील.

ताईनं आधी खाट बाहेर काढायला लावली. सुतळीच्या खाटेला झोळ पडतो, त्यातून धडधाकट माणूसही कण्हत उठतो. लाकडी पलंग आणला, बसल्यावर पाऊल जमिनीला पुरतं टेकेल एवढ्याच उंचीचा. शौचाला खुर्ची घेतली. अंगणातल्या शेणसड्यावर पाय घसरतो, म्हणून त्यांच्या वाटेपुरता सडा बंद केला. सासूबाई आठवडाभर नाराज होत्या. सपाता काढून मागे पट्टा असलेल्या चपला आणल्या.

मग उठण्याचा सराव. पलंगाच्या काठावर बसायचं, लुळं पाऊल किंचित मागे घ्यायचं, नाक गुडघ्यांच्या पुढे जाईल इतकं वाकायचं नि उठायचं. मागे घेतलेल्या पायावर भार पडतो, तोच हवा असतो. पहिल्या दिवशी तीनदा जमलं. झोपून दोन्ही गुडघे वाकवायचे, पावलं टेकवून कंबर उचलायची, हेही सकाळ-संध्याकाळ. पाऊल झुकू नये म्हणून ताईनं मापाचा पट्टा करवून घेतला. मालिशनं अंगाला बरं वाटतं, पण चालणं येत नाही.

आणि खांदा! लुळ्या हाताला किंवा बगलेला धरून कधी ओढू नका. त्या खांद्याला स्नायूंचा आधार उरलेला नसतो, सांधा सरकतो. मामाजींचं खांद्याचं दुखणं माझ्याच हातचं. आता कमरेला दुपट्टा घट्ट बांधून तो धरते आणि लुळ्या बाजूला उभी राहते. काठी चांगल्या हातात. पायरी चढताना चांगला पाय आधी, उतरताना लुळा आधी. पोटरी अचानक सुजली, दुखली तर व्यायाम थांबवून लगेच डॉक्टरांकडे. रक्तदाबाची गोळी मात्र एक दिवसही चुकवू नये.

हे सगळं एकटीनं ओढू नका. आपल्याच देशात १४ दवाखान्यांतल्या १२५० रुग्णांवर एक प्रयोग झाला, तो २०१७ साली छापून आला. घरच्या माणसांना व्यायाम शिकवून घरी पाठवलं. सहा महिन्यांनी पाहिलं तर नेहमीच्या उपचारांपेक्षा काही फरक नव्हता. मला तर वाचून हायसंच वाटलं. पाय नाही सुधारला तर तो सुनेचा दोष, असं म्हणणाऱ्यांना दाखवायला बरं. जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात फिजिओथेरपीची चौकशी करा, महिन्या-दोन महिन्यांनी तरी दाखवून या.

सगळ्यात कठीण होतं ते हात आवरून उभं राहणं. मामाजी घामाघूम व्हायचे, कधी रडायचे, एकदा तर माझ्यावर पेला फेकला. लकव्यानंतर मन खचतं, त्यालाही औषध असतं, डॉक्टरांना सांगायला लाजू नये. सासूबाई म्हणायच्या, "अगं धर की त्यांना!" मी दाराच्या चौकटीला धरून उभी राहायची.

धान कापणीच्या दिवसांत ते काठी टेकत बांधापर्यंत गेले. डावा पाय अजून ओढतो. परत येताना मी दुपट्टा धरायला गेले, तर म्हणाले, "सुनबाई, जरा मागं राहा."