हिशेबाचा प्रोग्राम चुकला तर तक्रार लिहून द्या

१ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू झाला आणि सातारा-सांगलीकडच्या पुष्कळ पेढ्यांचे रोजमेळ-खतावणी संगणकावर गेले. सोय झाली हे खरे. पण शेतकऱ्याच्या पट्टीत हमाली-तोलाई चुकली की आपला व्यापारी संगणकवाल्याला बोलावतो, तो पेढीवरच्या प्रोग्रामात दुरुस्ती करतो आणि पैसे घेतो. नवी आवृत्ती आली की ती दुरुस्ती बहुधा पुसली जाते. पुन्हा बोलावणे, पुन्हा पैसे. हा खर्च बराचसा टळण्याजोगा आहे, असे आम्हांस वाटते.

मुंबईचा ईआरपीनेक्स्ट घ्या. रुषभ मेहता यांनी घरच्या फर्निचरच्या धंद्यासाठी सुरू केलेल्या कामातून हा हिशेबाचा प्रोग्राम उभा राहिला. त्याचे मूळ लिखाण सर्वांना खुले आहे; कोणीही वापरावे, उघडून पाहावे, बदलावे. ते इंटरनेटवर गिटहब येथे ठेवलेले असून चूक तेथेच नोंदवता येते, आणि जमल्यास दुरुस्तीही पाठवता येते. जाणकार ती तपासतात व पटली तर मूळ प्रोग्रामात घेतात. मग नव्या आवृत्तीतही ती राहते. सांगलीच्या हळदीच्या सौद्यात तोलाई कशी लावतात, हे आपण सांगितल्याखेरीज मुंबईच्या मंडळींना कळणार कसे?

मात्र तक्रार नीट हवी. ‘आवाज बिघडला’ एवढ्यावर मिरजेचा सतारमेकर वाद्य उघडत नाही. कोणती तार, कोणता पडदा, जवारी शेवटची कधी काढली होती, हे आधी विचारतो. प्रोग्रामचेही तसेच. ‘बिल चुकते’ एवढेच लिहिले तर कोणी ढुंकून पाहणार नाही. आवृत्ती कोणती, कोणत्या क्रमाने काय भरले, काय यायला हवे होते आणि काय आले, हे लिहावे. दुरुस्त करणाऱ्याला ती चूक स्वतःच्या संगणकावर घडवून पाहता आली पाहिजे. तीच तक्रार आधी कोणी केली आहे का, तेही पाहावे. नोंद साऱ्या जगाला दिसते, म्हणून खरे बिल कधीही जोडू नये. गिऱ्हाइकाचे नाव, जीएसटी क्रमांक व भाव बदलून नमुन्याचे बिल करावे.

लिहायचे इंग्रजीत. बिचकण्याचे कारण नाही. साधी चार वाक्ये पुरतात आणि बी.सी.ए. केलेली मुले-मुली आता घरोघरी आहेत. त्यांनी पाठवलेली दुरुस्ती स्वीकारली गेली तर ती त्यांच्या नावावर नोंदली जाते. नोकरी मागताना असा दाखला दाखवता येतो.

फुकट मिळालेल्या वस्तूसाठी तगादा चालत नाही, हेही ध्यानात ठेवावे. तक्रार महिनोन्‌महिने पडूनही राहते. तोवर धंदा थांबत असेल तर पैसे देऊन काम खुशाल करून घ्यावे. फक्त मोबदला ठरवतानाच संगणकवाल्याला बजावावे, की केलेली दुरुस्ती मूळ प्रोग्रामाकडेही पाठवायची.