भय दाखवून मुले वाचतात का?

दरवर्षी २६ जून हा आंतरराष्ट्रीय अमली पदार्थविरोधी दिन म्हणून पाळला जातो. शाळेत पाहुणे येतात, किडलेल्या दातांची व खंगलेल्या चेहऱ्यांची चित्रे पडद्यावर दाखविली जातात, विद्यार्थी हात पुढे करून शपथ घेतात आणि कार्यक्रम संपतो. हेतू चांगलाच असतो; परंतु व्यापारी जसा वर्षअखेरीस ताळेबंद मांडतो, तसा या उपक्रमाचाही मांडावयास हवा.

अमेरिकेत तो मांडला गेला. पोलिसांनी शाळाशाळांतून धडे देण्याची ‘डेअर’ ही योजना १९८३ साली लॉस एंजेलिस येथे सुरू झाली व देशभर पसरली. पुढील अभ्यासांत मात्र मुलांच्या व्यसनावर तिचा टिकाऊ परिणाम आढळला नाही. २००५ मध्ये मोंटाना राज्यात मेथॲम्फेटामाइनविरुद्ध अंगावर काटा आणणाऱ्या जाहिराती झळकल्या. त्यांमुळेच सेवन घटले, असे प्रथम वाटले. पण ती उतरण आधीपासूनच चालू होती, असे नंतरच्या विश्लेषणातून दिसले. भयाने मूल दचकते हे खरे. परंतु नशा केलेला मित्र दुसऱ्या दिवशी वर्गात धडधाकट दिसला, की चित्रावरचा आणि ते दाखविणाऱ्या वडीलधाऱ्यांवरचा विश्वास एकदमच उडतो.

म्हणून आधी खरे सांगावे. मेथॲम्फेटामाइन प्रथम १८९३ साली जपानमध्ये इफेड्रिनपासून तयार झाले. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांची झोप उडविण्यासाठी ते दिले गेले. युद्धानंतर तेथील तरुण त्याच्या आहारी गेले आणि १९५१ मध्ये जपानला कठोर कायदा करावा लागला. आजही आमिष तेच आहे: परीक्षेसाठी जागरण होईल, वजन उतरेल. हा पदार्थ मेंदूतील डोपामिन एकाच वेळी उधळून टाकतो. अनेक वर्षांची ठेव एका रात्रीत मोडावी, तसा हा प्रकार. नंतर साध्या गोष्टींत आनंद उरत नाही, झोप नाहीशी होते, संशय बळावतो, हृदयावर ताण येतो. महाराष्ट्रात ‘एमडी’ या नावाने ओळखला जाणारा मेफेड्रोन हा त्याचाच निकटचा भाऊबंद; २०१५ पासून तोही अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कक्षेत आहे. दोन्हींच्या बाबतीत ५० ग्रॅम म्हणजे व्यापारी प्रमाण, आणि त्याहून अधिक साठ्यास किमान १० वर्षांची सक्तमजुरी आहे. ‘हे पाकीट फक्त पोहोचवून ये’ या विनंतीमागे काय दडलेले असू शकते, हे मुलांना ठाऊक हवे.

दुसरे, नकार देण्याचा सराव. गल्ल्यावर बसणारा मुलगा उधारी मागणाऱ्यास संबंध न तोडता ‘नाही’ कसे म्हणावे, हे वडिलांकडे पाहून शिकतो. मित्राला नकार देणे हेही तसेच कौशल्य आहे. ते भाषणाने येत नाही, पुन:पुन्हा प्रसंग रंगवून येते. ज्या शालेय कार्यक्रमांचा काही उपयोग झालेला दिसतो, त्यांत अशा सरावावरच भर असतो.

तिसरी गोष्ट घराची. मूल अडकल्याचे कळताच अनेक घरे प्रथम दार लावून घेतात. पेढीची पत, बहिणीचे लग्न, नातलगांची कुजबुज यांचा विचार होतो आणि उपचाराचे महिने वाया जातात. वास्तविक अल्प प्रमाणात सापडलेल्या व्यसनी व्यक्तीने स्वेच्छेने मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेतल्यास खटल्यातून सूट मिळण्याची तरतूद कायद्याच्या कलम ६४ अ मध्ये आहे. शासनाची व्यसनमुक्ती मदतवाहिनी १४४४६ या क्रमांकावर आहे. मेथॲम्फेटामाइनचे व्यसन सोडविणारे खात्रीचे औषध अद्याप नाही. समुपदेशन, नियमित तपासणी आणि प्रत्येक व्यसनमुक्त आठवड्याचे कौतुक यांनीच सुधारणा होते. यातील कौतुकाचा वाटा कुटुंबालाच उचलावा लागतो.

बुडीत जाऊ पाहणारे खाते लवकर लक्षात आले, तर सावरता येते. मुलाने चूक कबूल करण्यासाठी प्रथम घरीच यावे, एवढा विश्वास त्याला त्या चुकीच्या आधी मिळालेला असला पाहिजे.